सौर बंबाचा हिशेब नळाशी मांडा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गच्चीवर वीज तयार करणारी पॅनेले बसवण्याची सध्या लगबग आहे. केंद्राच्या ‘सूर्यघर’ योजनेत १ किलोवॉटला ३० हजार आणि ३ किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान मिळते, तेव्हा ती असणारच. पण या घाईत कित्येक बंगल्यांवरचे आणि सोसायट्यांवरचे सौर बंब ‘नाही तरी पाणी तापतच नव्हते’ असे म्हणत भंगारात निघू लागले आहेत. बहुतेक वेळा पाणी गच्चीवर चांगले कढत असते, ते न्हाणीघरापर्यंत पोचत नाही एवढेच. दोष बंबाचा नसून मधल्या नळाचा असतो आणि तो बंबाच्या किमतीच्या मानाने थोडक्यात दुरुस्त होतो.

आधी बचतीचे बघू, कारण तिथेही गफलत आहे. १०० लिटरचा बंब वर्षाला १५०० युनिट वाचवतो, असे विक्रेता सांगतो. आकडा त्याच्या पदरचा नाही, नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या माहितीपत्रकातला आहे. तो निघतो कसा हे मात्र कोणी सांगत नाही. पाणी तापवायला किती वीज लागते याचे सूत्र सोपे आहे: लिटर गुणिले जितके अंश वाढवायचे ते, भागिले ८६०. उत्तर युनिटमध्ये येते. १०० लिटर पाणी ४० अंशांनी वाढवायला ४.६५ युनिट लागतात, आणि असे ३२० दिवस धरले की झाले जवळपास १५०० युनिट. म्हणजे टाकीतला थेंब न् थेंब रोज वापरला गेला पाहिजे आणि उन्हाने वर्षात फक्त दीड महिना सुट्टी घेतली पाहिजे. वसतिगृह, रुग्णालय, लॉज अशा ठिकाणी हे बरेचसे जमते. चार माणसांच्या घरात जमत नाही.

चार माणसांच्या घरातला हिशेब असा. आंघोळीची बादली २० लिटरची, पाणी ४२ अंशांचे, टाकीतून येणारे गार पाणी २५ अंशांचे. सूत्रात घातले की एका बादलीला ०.४ युनिट. (डिसेंबरात निफाडकडे टाकीतले पाणी १५ अंशांवर उतरले की तीच बादली ०.६ च्या पुढे जाते.) चार बादल्या, थोडे भांड्यांना, शिवाय गिझरच्या टाकीतून आणि नळातून उडून जाणारी उष्णता धरली की दिवसाला सव्वादोन युनिट. पावसाळ्याचे चार महिने ढगांचे, म्हणून ते सोडून द्या. मे महिन्यात गरम पाणी कोणालाच नको असते, पण पावसाळ्यातही मधूनमधून ऊन पडतेच. ते एकमेकांत वळते करून २४० दिवस धरू. वर्षाला ५४० युनिट झाले. जाहिरातीच्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडे अधिक. शॉवरखाली उभे राहणारे घर असेल तर माणशी ४५ लिटर सहज जातात आणि हा आकडा दीडपटीच्या वर जातो.

५४० म्हणजे फारच कमी, असे वाटेल. पण महावितरणचे बिल टप्प्याटप्प्याने चढते आणि वाचलेले युनिट नेहमी वरच्या टोकाकडून कापले जाते. महिन्याला १९० युनिट जाळणाऱ्या घराचे सौर बंबामुळे ६७ युनिट वाचले तर ते सगळे १०१ ते ३०० च्या टप्प्यातले असतात. या टप्प्यात वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क मिळून एक युनिट १२ रुपयांच्या आसपास पडते. वर्षाला साडेसहा हजार रुपये. १०० लिटरचा काचनळ्यांचा (निर्वात काचेच्या नळ्यांत पाणी तापवणारा) बंब, स्टँड आणि बंगल्यातला साधा नळजोड धरून २५ ते ३० हजारांत बसतो, म्हणजे पाच वर्षांच्या आत पैसे वसूल. त्यानंतर चांगली टाकी दहा वर्षे सहज काढते. मात्र ज्या घराचे बिल मुळातच १०० युनिटच्या आत आहे तिथे वाचलेले युनिट निम्म्या किमतीचे असते आणि वसुलीलाही दुप्पट वर्षे लागतात. स्थिर आकार तर एका पैशाने कमी होत नाही. हे विक्रेत्याने आधी सांगायला हवे, आणि त्याने सांगितले नाही तर ग्राहकाने बिल पुढे धरून विचारावे.

गॅस गिझरवाल्यांचा हिशेब आणखी वेगळा आहे. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण साडेतीनशे बादल्या निघतात. विजेच्या बादलीला पाच रुपये पडत असतील तर गॅसच्या बादलीला अडीच. तेव्हा गॅस गिझर काढून सौर बंब लावल्यास पैशांची बचत निम्मीच होते, तरीही तो लावावा असे आमचे मत आहे, कारण बंद न्हाणीघरात गॅस गिझर कार्बन मोनॉक्साइड सोडतो आणि त्याला ना रंग ना वास. गावाकडचा लाकडाचा बंब बिलात दिसतच नाही. पण पऱ्हाट्या, तुरकाठ्या गोळा करण्याचे कष्ट आणि अंगणभर धूर कोणाच्या वाट्याला येतो ते सर्वांना ठाऊक आहे.

पर्यावरणाच्या बाजूनेही आकडे थोडे खाली आणावे लागतात. माहितीपत्रकात १०० लिटरमागे वर्षाला दीड टन कार्बन डायऑक्साइड वाचतो असे आहे. आज देशाच्या ग्रीडवरील एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो वायू बाहेर पडतो, म्हणजे पूर्ण वापर झाला तरी एक टनच. आपल्या चौघांच्या घरासाठी पावणेचारशे किलो धरावेत. चंद्रपूर किंवा कोराडीच्या बॉयलरमध्ये न गेलेला साडेतीन क्विंटल कोळसा म्हणा. पण खरा फायदा वेळेचा आहे. सकाळी सहा ते आठमध्ये राज्यभर २ किलोवॉटचे गिझर एकदम चालू होतात. १०० लिटरचे १००० सौर बंब चालू असले तर विजेची शिखर मागणी, म्हणजे सर्वाधिक गर्दीच्या वेळची मागणी, सुमारे १ मेगावॉटने उतरते. गच्चीवरच्या वीज पॅनेलांना हे जमत नाही, कारण सहा वाजता ती झोपलेली असतात. नेट मीटरिंगमुळे, म्हणजे दिवसा ग्रीडला दिलेली वीज बिलातून वळती होत असल्यामुळे, ग्राहकाचे बिल जवळजवळ शून्य होते हे खरे, पण पहाटेच्या त्या गिझरसाठी कोळसा जळायचा तो जळतोच. सौर बंब कालचे ऊन टाकीत साठवून आज सकाळी देतो.

जागेचेही तसेच. बंबाचा दुसरा प्रकार सपाट पॅनेलचा, त्यात पाणी तांब्याच्या नळ्यांत तापते. १०० लिटरच्या अशा पॅनेलला २ चौरस मीटर पुरतात. दिवसाला तेवढीच चार युनिट वीज काढायला १ किलोवॉटची पॅनेले लागतात आणि ती ५ चौरस मीटरहून जास्त जागा अडवतात. मोकळी मोठी गच्ची असेल आणि अनुदान मिळत असेल तर वीज पॅनेलेच लावा, वर्षभर कामी येतात, त्याला आमची हरकत नाही. पण लिफ्टची खोली, पाण्याच्या टाक्या आणि टीव्हीच्या छत्र्या वजा जाता मूठभर गच्ची उरणाऱ्या इमारतीत चालू स्थितीतला बंब काढणे तोट्याचे आहे. बंबाला असलेले केंद्राचे अनुदान २०१४ मध्येच बंद झाले, म्हणून त्याला कोणी वाली नाही, एवढेच.

आता नळाकडे येतो. सात मजली इमारत घ्या. गच्चीवरच्या टाकीपासून तळमजल्याच्या नळापर्यंत उभा-आडवा मिळून ३० मीटर नळ होतो. एक इंची सीपीव्हीसी नळात (गरम पाण्यासाठीच्या प्लास्टिकच्या नळात) मीटरमागे ०.४ लिटर पाणी मावते, म्हणजे मधल्या नळातच १२ लिटर पाणी रात्रभर गार होऊन बसलेले असते. सकाळी पहिल्या माणसाने नळ सोडला की अर्ध्याहून जास्त बादली गार पाणी आधी बाहेर येते. कोणी ते मोरीत सोडतो, कोणी ‘सोलर बंद पडला’ म्हणून गिझरचे बटण दाबतो. ते बटण पुन्हा कधी वर जात नाही आणि बंब शोभेचा होतो.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही लागतात. पहिला, नळाला वेष्टन. शाफ्टमधल्या (इमारतीत नळांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतल्या) उभ्या नळाला काळ्या नायट्राइल रबराची निदान १३ मिलिमीटर जाडीची नळी चढवावी, गच्चीवरच्या उघड्या भागात त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा हवाच. नुसते रबर उन्हात दोन-तीन वर्षांत भुसभुशीत होते, मग कावळे आणि माकडे ते उपसून नेतात. दुसरा, परतीचा नळ. उभ्या नळाच्या तळाशी अर्धा इंची नळ जोडून तो पुन्हा गरम टाकीच्या खालच्या भागात न्यायचा, त्यावर १०० वॉटच्या आसपासचा छोटा फिरता पंप आणि टायमर. पहाटे पाचला अर्धा तास पंप चालला की नळातले गार पाणी टाकीत जाते आणि सगळ्या मजल्यांवर नळ उघडताच गरम पाणी मिळते. खर्च दिवसाला ०.०५ युनिट. पंपापुढे एकदिशा झडप, म्हणजे एनआरव्ही, विसरला तर तोच परतीचा नळ उलटा चालून टाकीच्या तळाचे गार पाणी घरात आणतो. हे आम्ही सांगतो त्याहून जास्त वेळा घडते.

सीपीव्हीसी नळ गरम झाला की वाढतो. २० मीटरचा सरळ उभा नळ ४० अंश तापला तर ५ सेंटिमीटरने लांबतो. प्लंबरने प्रत्येक मजल्यावर क्लॅम्प कचकचून आवळले असतील तर ही वाढ जाणार कुठे? ती वळणाच्या जोडावर येते आणि दोन-तीन हिवाळ्यांत जोड फुटतो. क्लॅम्प सैल हवेत आणि मध्ये एखादे यू आकाराचे वळण हवे. पांढरा साधा पीव्हीसी नळ गरम पाण्याला कधीही वापरू नये. काचनळ्यांच्या बंबात एप्रिलमध्ये पाणी ९० अंशांच्या आसपास जाते, तेव्हा टाकीतून निघणारे पहिले दोन-तीन मीटर तरी संमिश्र (प्लास्टिक आणि धातूच्या थरांच्या) किंवा जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) नळाचे असावेत.

सोसायट्यांतली सर्वांत मोठी डोकेदुखी म्हणजे न्हाणीघरातला मिक्सर, गार आणि गरम पाणी एकत्र करणारा नळ. गार पाण्याचा दाब गरम पाण्यापेक्षा जास्त असतो, कारण त्याची टाकी उंच असते किंवा मध्ये प्रेशर पंप असतो. कोणी मिक्सरचे दोन्ही कॉक उघडे ठेवून फक्त हातशॉवरचे बटण दाबून पाणी बंद केले, की गार पाणी मिक्सरमधून मागे गरम नळात घुसते. एका घरातला मिक्सर सगळ्या उभ्या नळाचे पाणी कोमट करतो आणि शिव्या खातो बंब. तपासणी सोपी आहे. गच्चीवर जाऊन सौर टाकीच्या गरम पाण्याचा मुख्य कॉक पूर्ण बंद करावा. मग घरातला फक्त गरम नळ सोडावा. नळातले साठलेले पाणी संपून तो कोरडा पडला तर ठीक. धार सुरूच राहिली तर ते गार पाणी आहे आणि कुठल्या तरी घरातून येते आहे. मग एकेका घराचा गार पाण्याचा कॉक बंद करत जायचे. ज्या घराशी धार थांबेल तिथला मिक्सर बदलावा. त्याचबरोबर प्रत्येक घरात गरम नळ शिरतो तिथे एनआरव्ही बसवून टाकावा. काही शे रुपयांची ही झडप नसल्यामुळे लाखांच्या यंत्रणा निकालात निघतात.

बंबाच्या अंगचे दोषही असतात, नाही असे नाही. सपाट पॅनेलचा बंब असेल तर टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या कडेपेक्षा फूटभर उंच असावा लागतो. पाणी पंपाशिवाय केवळ हलके-जड होऊन फिरते, म्हणून टाकी खाली बसवली तर दिवसा फिरणे मंदावते आणि रात्री उलटे सुरू होते: टाकीतले गरम पाणी पॅनेलमध्ये उतरून आकाशाला ऊब देत बसते. चांगल्या टाकीत रात्रीत ४-६ अंश उतरतात. संध्याकाळी सहाला आणि सकाळी सहाला थर्मामीटर लावून बघावे, १५ अंश उतरले तर एक तर हा उलटा प्रवाह आहे किंवा पत्र्यातून पाणी शिरून आतला पफ (उष्णता अडवणारा फोमचा थर) भिजला आहे. टाकीवरचा हवेचा नळ गार पाण्याच्या टाकीच्या पातळीपेक्षा उंच आणि तोंडाशी मोकळा हवा. पाणी सांडते म्हणून कोणी त्याला बूच मारले तर टाकीतून पाणी ओढले जाताना ती डब्यासारखी पिचकते.

काचनळ्यांची नाडी त्यांच्या टोकाशी आहे. नळीच्या बंद टोकाला आतून चांदीसारखा चकचकीत लेप दिसतो. तो दुधाळ पांढरा झाला म्हणजे नळीतली निर्वात पोकळी गेली, आता ती साधी काच आहे. गच्चीवर चक्कर मारताना वाकून हे टोक पाहिले की किती नळ्या मेल्या ते दोन मिनिटांत कळते. १०० लिटरला ५८ मिलिमीटर व्यासाच्या आणि १८०० मिलिमीटर लांबीच्या दहा नळ्या असतात, त्यांतल्या तीन गेल्या तर पाणी कोमट राहणारच. नवी नळी भर दुपारी बसवून त्यात गार पाणी सोडू नये. उन्हात कोरडी पडलेली नळी २०० अंशांपर्यंत तापते आणि पाणी लागताच तडकते. हे काम सूर्य उगवायच्या आत करावे. पाणीकपातीत टाकी रिकामी झाली तरी हाच धोका असतो, तेव्हा नळ्यांवर गोणपाट टाकून त्या निवल्यावर मगच पाणी भरावे. मे महिन्यात घर बंद करून गावी जाणाऱ्यांनीही नळ्या झाकून जाव्यात.

बोअर आणि टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या उपनगरांत क्षार हा वेगळाच विषय आहे. सपाट पॅनेलमधल्या तांब्याच्या नळ्या बोटाएवढ्याही जाड नसतात, त्यांत चुनखडीचा थर धरला की प्रवाह थांबतो. असे पाणी असेल तर सपाट पॅनेल उष्णता विनिमयकासहच (पॅनेलमधले पाणी वेगळे ठेवून फक्त उष्णता टाकीला देणाऱ्या भागासहच) घ्यावे, नाही तर काचनळ्या घ्याव्यात. काचनळीच्या बुडाशी पांढरा गाळ साचतो पण नळी काढून धुता येते. पाणी जितके जास्त तापते तितका क्षार लवकर बसतो, म्हणून गरजेपेक्षा मोठा बंब घेणे दोन्ही बाजूंनी महागात पडते. १०० लिटर पाणी ६० अंशांवर असले आणि त्यात २५ अंशांचे विसण घातले तर ४२ अंशांच्या दहा बादल्या होतात. चार-पाच माणसांना २०० लिटर गळ्यात मारणाऱ्याला हा हिशेब ऐकवावा.

टाकीत विजेची कॉइल घेऊ नये, हे आमचे ठाम मत आहे. ढगाळ दिवशी दोन बादल्यांसाठी ती १०० लिटर तापवते. कोणी बटण रात्रभर विसरले तर सकाळी टाकी आधीच भरगच्च गरम, मग उन्हाला करायला कामच उरत नाही. त्यापेक्षा सौर नळ न्हाणीघरातल्या छोट्या गिझरच्या आत जाणाऱ्या तोंडाला जोडावा. पाणी गरम आले तर थर्मोस्टॅट गिझर चालूच होऊ देत नाही, कोमट आले तर उरलेल्या अंशांपुरतीच वीज लागते.

एक बाब सावलीची. पुण्यात डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ४८ अंशच वर असतो. दक्षिणेकडे ३ मीटर उंच लिफ्टची खोली असेल तर तिची सावली पावणेतीन मीटर पडते, सकाळी त्याहून लांब. बंब बसवताना मे महिन्यातली सावली बघून जागा ठरवली जाते आणि नेमक्या थंडीत पॅनेल अंधारात जाते.

शेवटी महापालिका आणि नगरपालिकांना एक विनंती. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ठरावीक इमारतींना सौर पाणी तापवणी किंवा सौर वीज यंत्रणेची अट आहे. पुण्यासारख्या शहरात यंत्रणा चालू असेल तर सर्वसाधारण करात सवलतही आहे. पण पाहणी होते ती गच्चीवर, पॅनेले मोजून आणि फोटो काढून. बिल्डर पॅनेले चोख लावतो, वेष्टन आणि परतीचा नळ गाळतो, कारण शाफ्टमध्ये कोणी डोकावत नाही. पूर्णत्वाचा दाखला देताना आणि करसवलतीची पाहणी करताना सकाळी साडेसहाला सर्वांत खालच्या मजल्यावरच्या न्हाणीघरात जावे, गरम नळ सोडावा, पहिले ५ लिटर बादलीत जाऊ द्यावेत आणि मग धारेत थर्मामीटर धरावा. उन्हाच्या दिवसानंतर तिथे ४५ अंश मिळाले नाहीत तर दाखला आणि सवलत दोन्ही थांबवावे.

आपले,
घरगुती सौर यंत्रणांची उभारणी व देखभाल करणारे काही अभियंते आणि प्लंबर, पुणे